३८चं भोक, २८चा स्टोमा

गिऱ्हाईक कितीही जुनं असो, मापाच्या वहीत त्याचं पान असो, दोन महिन्यांनी आलं की मी टेप पुन्हा लावतेच. "अहो, मागचंच माप आहे ना" म्हणणाऱ्यांनाही उभं करते. अंग वहीतल्या आकड्यापाशी थांबून राहत नाही, हे तेवीस वर्षं शिलाई केल्यावर कळणारच. आणि तीच मी स्वतःच्या पोटाला लावायची प्लेट, म्हणजे मलाची पिशवी धरून ठेवणारी मधे भोक असलेली चिकट चकती, साडेचार आठवडे एकाच मापानं कापत होते. लिहायलाही लाज वाटते, पण लिहिते. मला त्या दिवसांत कोणी हे सांगितलं असतं तर कातडी वाचली असती.

खरं म्हणजे सांगितलं होतंच, पण तो भाग पुढे येईल.

माझं ऑपरेशन झालं ते मोठ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या गाठीचं. गाठ काढून आतडं पुन्हा जोडलं, आणि तो जोड भरून येईपर्यंत तिकडून काही जाऊ नये म्हणून लहान आतड्याचा एक वेढा पोटाच्या उजव्या बाजूनं बाहेर काढला. लूप इलिओस्टोमी. पोटावर आलेल्या त्या तोंडाला स्टोमा म्हणतात, त्यातून येणारा मल बॅगेत पडतो. तात्पुरती. "तात्पुरती" हा शब्द डॉक्टर इतक्या सहज म्हणतात, जसं आपण म्हणतो की तात्पुरता टाका घालून देते.

चौथ्या दिवशी सिस्टरांनी पहिल्यांदा बॅग काढून दाखवलं. लालबुंद, ओलं, सुजलेलं काहीतरी. मी डोळे मिटले. त्या म्हणाल्या, "काकू, खालचा ओठ उलटा करून आरशात बघा. तेच आहे हे. आतलं अस्तर बाहेर आलंय." अस्तर म्हटल्यावर मी डोळे उघडले. म्हणजे बाहेर काढलेला आतड्याचा वेढा उघडून, बाहीचा कफ उलटतात तसा उलटा दुमडला होता आणि कडेनं कातडीला शिवला होता. काम बघितलं तर सुबक होतं. टाकेही आपोआप विरघळणारे, काढायची भानगड नाही.

हे कफासारखं दुमडणं नंतर मी वाचून काढलं, कारण त्याचा माझ्या पुढच्या दुखण्याशी थेट संबंध होता. ब्रायन ब्रूक नावाच्या इंग्रज सर्जननी १९५२ साली ही पद्धत मांडली. त्याआधी आतड्याचं टोक कातडीच्या बरोबरीनंच सोडलेलं असायचं. लहान आतड्यातून येणारा पातळ मल सरळ कातडीवर पसरायचा आणि पोट अक्षरशः सोलून निघायचं. ब्रूकनी दुमडून चोच काढली, मल कातडीला न लागता पिशवीत पडावा म्हणून. आणि पोटाला चिकटणारी पिशवी? ती १९५४ साली सुचली एलिस सोरेन्सन या डॅनिश नर्सला, तिच्या बहिणीवर असं ऑपरेशन झालं होतं आणि ती घराबाहेर पडायला घाबरत होती म्हणून. एकीनं बहिणीसाठी केलेलं काम आज माझ्या पोटावर आहे. शिलाई करणाऱ्या बाईला ही गोष्ट आवडणारच.

असो. आठव्या दिवशी माझी शिवण उसवली.

खाली डाव्या हाताला, स्टोमाला घड्याळ मानलं तर चार ते सातच्या मध्ये, कातडी आणि स्टोमा यांच्यात फट पडली होती. साधारण दीड सेंटीमीटर लांब, आत पिवळट चिकट थर. मला वाटलं, संपलं, आता परत टेबलावर. सिस्टर मात्र अजिबात गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, असं होतं, बऱ्याच जणांना होतं. तुम्हाला साखर आहे, अंगात ताकद कमी आहे, तिथे ताण आला असेल. त्यांनी बारीक सळईसारख्या कांडीनं फटीची खोली बघितली. अर्धा सेंटीमीटरही नव्हती. आत तळ दिसत होता, म्हणून काळजी नाही. फट खोल असती, सगळीकडून सुटली असती किंवा स्टोमाच आत घसरत असता, तर गोष्ट वेगळी आणि सर्जनची.

मी माझ्या धंद्याचा प्रश्न विचारला: "मग परत शिवत का नाही?"

"कापड नाही ना ते काकू. ओलं मऊ मांस आहे, टाका धरणार नाही, फाडत जाईल. आणि वरून तोंड शिवून टाकलं तर आत घाण कोंडेल. त्याला तळापासून वर भरून येऊ द्यायचं."

मग त्यांनी फट कोमट पाण्यानं धुतली, लस शोषून घेणारी एक तंतूंची पट्टी अलगद आत ठेवली. "ठासायची नाही, नुसती भरायची." वरून चिकट रिंग ओढून लावली आणि त्याच्यावर नेहमीसारखी प्लेट बसवली. म्हणजे जखम पिशवीच्या बाहेर, प्लेटच्या खाली झाकलेली. मल तिथे पोचणार नाही, पट्टी आपलं काम करणार. मला ते फार पटलं. उसवलेल्या जागी आधी आतून पट्टी लावून घ्यायची, हे आम्हीही करतोच.

घरी जायच्या दिवशी त्यांनी स्टोमा मोजला. ३५ मिलिमीटर. प्लेटचं भोक त्याच्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठं हवं, म्हणून ३८. मला एक मापाचं कार्ड दिलं, गोल गोल भोकांचं, आणि म्हणाल्या की आता सूज आहे, सहा ते आठ आठवडे स्टोमा लहान होत जाईल, बॅग बदलताना दर वेळी मोजायचं. मी मान डोलावली. हे वाक्य मी ऐकलं होतं, नक्की ऐकलं होतं, सूनबाई साक्षीला आहे. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त ती फट होती.

घरी आल्यावर मी पहिलं काय केलं, तर जाड पुठ्ठ्याचा ३८चा फर्मा कापून ठेवला. फर्मा प्लेटच्या मागच्या कागदावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, छोट्या बाकदार कात्रीनं कापायचं. माझी भोकं इतकी गोल असायची की सूनबाई म्हणायची, आई, मशीननं पाडल्यासारखी. मी खूश. कापलेली कड बोटानं घासून मऊ करायची, म्हणजे स्टोमाला टोचत नाही, तेही मी करायचे. सगळं करायचे. मोजायचे नाही फक्त.

बॅग बदलायची ती सकाळी उठल्या उठल्या, पोटात काही जायच्या आधी, तेव्हा स्टोमा जरा शांत असतो. आणि बदलताना सगळं लक्ष चार ते सातच्या फटीकडे. ती भरत होती. पिवळं गेलं, तळाशी लालसर दाणे दिसले, मग पट्टी कमी लागायला लागली. तपासणीला गेले तेव्हा तिथेही पारदर्शक पिशवीतूनच बघितलं, स्टोमाचा रंग छान, फट भरतेय, या पंधरा दिवसांनी. प्लेट कुणी काढली नाही आणि मीही काढा म्हटलं नाही.

चौथ्या आठवड्यात चुरचुरायला लागलं. स्टोमा स्वतः दुखत नाही हे एव्हाना माहीत झालं होतं. त्याला दुखण्याची जाणीवच नसते. पुसताना कधी थेंबभर रक्त येतं, दात घासताना हिरडीतून येतं तसं, पण कळत नाही. म्हणून सवय अशी झाली होती की तिथे काही दुखत नाही. दुखते ती कातडी. पिशवी भरली की पाच मिनिटांत भाजल्यासारखं व्हायचं. दुपारी कमी, रात्री जास्त.

मी ठरवून टाकलं की मला प्लेटची अ‍ॅलर्जी झाली. का ठरवलं? कारण ओळखीत एकीला झाली होती. मग मी जे जे केलं त्यातली प्रत्येक गोष्ट चुकीची होती. आग होते म्हणून तीन-चार दिवसांनी बदलायची प्लेट रोज काढायला लागले, तीही फर्रकन ओढून. त्यानं वरची कातडी अजून निघाली. थंड वाटावं म्हणून घरातलं मलम चोळलं. मलमावर प्लेट धरेना, कडेनं गळायला लागली. गळलं म्हणून ट्यूबमधली पेस्ट लावली, तर तिनं असं झोंबलं की मी पलंगाची कड धरून उभी राहिले. पेस्टमध्ये स्पिरिटसारखा अंश असतो, उघड्या कातडीला तो लागतोच. शिवाय पेस्ट हा गोंद नाहीच. सुतार भेगा बुजवायला लांबी भरतात, ते काम तिचं. मी तिला चिकटवायला वापरत होते.

सहाव्या आठवड्यात स्टोमा नर्सकडे गेले. याच सिस्टर होत्या. रडू येत होतं. म्हटलं, अ‍ॅलर्जी आहे, दुसऱ्या कंपनीची प्लेट द्या.

त्यांनी उत्तर दिलं नाही. चिकटपणा सोडवणारा ओला कागद घेतला, एका हातानं पोटाची कातडी खाली दाबत आणि दुसऱ्यानं प्लेट अलगद गुंडाळत काढली. कातडी प्लेटपासून दूर ढकलायची, प्लेट कातडीपासून ओढायची नाही. मी पहिल्यांदाच असं न दुखता काढलेलं बघितलं. मग प्लेट कचऱ्यात टाकायच्या ऐवजी त्यांनी ती उलटी करून उजेडात धरली.

"हे बघा."

भोकाच्या भोवतीचा चिकट थर फुगून पांढरा झाला होता, साबण पाण्यात राहिल्यावर होतो तसा. आणि सातच्या बाजूला त्या पांढऱ्यातून एक वाट कडेच्या दिशेनं निघाली होती, पिवळसर, बोटभर. मल तिथून सरकत होता. प्लेट काढल्यावर मी आजवर ती कधी उलटी केली नव्हती. कापडाची उलटी बाजू बघितल्याशिवाय मी कुणाचा कपडा हातात घेत नाही, आणि ही प्लेट सरळ पिशवीत बांधून टाकत होते.

मग त्यांनी कातडी बघितली. स्टोमाच्या भोवती बांगडीसारखं लाल, ओलं, चकचकीत कडं, कुठे कुठे वरचा पापुद्राच गेलेला. बाहेर, जिथे प्लेट नीट चिकटली होती, तिथली कातडी जवळपास चांगली, फक्त रोजच्या ओढण्यानं गुलाबी. त्या म्हणाल्या, अ‍ॅलर्जी असती तर प्लेटचा पूर्ण छाप उठला असता, जेवढी प्लेट तेवढा लाल चौकोन किंवा गोल. बुरशी असती तर लालीच्या बाहेर सुटे सुटे पुरळ दिसले असते आणि खाज जास्त असती. हे नुसतं स्टोमाला लागून आहे, आणि एका दिशेला जास्त आहे. म्हणजे मल लागतोय. तो चट्टा कुठे आहे आणि कोणत्या आकाराचा आहे, यावरच अर्धं निदान होतं, म्हणे. आणखी एक गोष्ट त्यांनी मुद्दाम सांगितली: जांभळट कडांचा, पटकन मोठा होणारा, प्रचंड दुखणारा व्रण दिसला तर पावडर लावत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. आतड्याच्या सुजेचा जुना आजार असणाऱ्यांत तसा व्रण होऊ शकतो. स्टोमा काळसर किंवा गडद जांभळा दिसायला लागला तरी तेच.

"आणि माप शेवटचं कधी घेतलंत?"

मी सूनबाईकडे बघितलं. सूनबाईनं खिडकीकडे बघितलं.

कार्ड लावलं. २८. तेही गोल नाही, जरासं लांबट, आडवं २८ आणि उभं २५. भोक ३८चं. म्हणजे चहूबाजूंनी अर्धा सेंटीमीटर, कुठे त्याहून जास्त, कातडी उघडी, आणि तिच्यावर रात्रंदिवस लहान आतड्यातला मल. त्यात अन्न पचवणारे रस असतात, प्रथिनं फोडणारे. त्यांना आतलं मांस कोणतं आणि पोटाची कातडी कोणती हे कळत नाही, समोर येईल ते पचवायला घेतात. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातला स्टोमा असता तर मल घट्ट असता आणि इतकी आग झाली नसती. माझी कातडी भाजली नव्हती, पचत होती.

आणि ती फट? जिच्याकडे मी साडेचार आठवडे टक लावून होते? भरली होती. चार ते सातच्या मध्ये एक फिकट रेघ तेवढी राहिली होती.

मला राग आला, स्वतःचा. ३८ आणि २८. या आकड्यांत मी रोज जगते. कमर २८ची असताना कुणी ३८चा घेर नेसवला तर मी त्याला दारात उभं करणार नाही.

उपाय अगदी साधा निघाला. कातडी नुसत्या कोमट पाण्यानं धुवायची. साबण, ओले सुगंधी पुसणे, तेल, मलम काही नाही. टिपून पूर्ण कोरडी करायची. ओल्या लाल जागेवर स्टोमा पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची. पावडर फक्त ओल्या जागीच धरते, कोरड्या जागेवरची उडते, हे बघायला मजा येते. मग कातडीवर पातळ संरक्षक थर धरणाऱ्या बिनझोंबणाऱ्या फिल्मचा फाहा त्याच्यावर टेकवायचा, चोळायचा नाही. सुकू द्यायचं. पुन्हा पावडर, पुन्हा झटकणं, पुन्हा फिल्म. दोन-तीन थर झाले की त्यावर खरपुडीसारखं कोरडं कवच तयार होतं आणि प्लेट चिकटते. सात वाजताच्या बाजूला बसल्यावर पोटाला घडी पडत होती, ती उभी असताना दिसतच नव्हती. मी नेहमी उभी राहून आरशात बघायचे. तिथे चिकट रिंगचा अर्धा तुकडा भरून सपाट केलं. भोक लांबट, स्टोमाच्या आकाराचं. प्लेट हातांत धरून जरा ऊब द्यायची आणि लावल्यावर तळहातानं मिनिटभर दाबून ठेवायची. बॅग एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची, म्हणजे वजनानं प्लेट खाली ओढली जात नाही. हे शेवटचं मला आधीच कळायला हवं होतं; जड पडदा शिवला की वरची पट्टी कशी ताणते ते मी रोज बघते.

ही पावडर बघून त्या दिवशी सिस्टरांनी एक गंमत सांगितली. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रूपर्ट टर्नबुल नावाचे सर्जन रुग्णांच्या सोललेल्या कातडीवर कराया डिंकाची पूड वापरायला लागले. कराया म्हणजे आपल्या डोंगरांत उभ्या असलेल्या पांढऱ्या बुंध्याच्या कांडोळाचा डिंक. आणि त्याच टर्नबुलनी १९५८ साली नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी असलेल्या बाईला इतर रुग्णांना शिकवायला कामावर घेतलं. या क्षेत्रातली ती पहिली थेरपिस्ट. डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. स्वतःच्या पोटावरून शिकलेली. मला ती बाई फार जवळची वाटते.

पहिली प्लेट त्या दिवशी सिस्टरांनी लावली आणि मी दवाखान्याच्या जिन्यावरच थांबले. आग थांबली होती. बरी झाली नव्हती, नुसती थांबली होती. तीन दिवसांनी घरी काढली तेव्हा चकचकीत ओल गेली होती. पुढच्या वेळी लाल रंग मळकट, कोरडा. दहाव्या दिवशी गुलाबी. पावडर आता धरेचना, झटकली की सगळी उडून गेली. मग पावडर बंद. गरज संपल्यावरही लावत राहिलं तर उलट प्लेटच सुटते.

आता मापाच्या वहीत माझं एक पान आहे. नाव लिहिलेलं नाही, फक्त "मी". तारीख, आडवं, उभं, आणि समोर एका शब्दात सातची बाजू कशी आहे ते. गेल्या पाच नोंदी २८-२५, २८-२५, २७-२५, २७-२५, २७-२५. आठ आठवड्यांनंतर दर वेळी मोजायची तशी गरज नसते, वजन बदललं तर पुन्हा बघायचं. मी तरी मोजते. काढलेली प्लेट उलटी करून उजेडात धरते, आणि सूनबाईही मागून येऊन बघते, जशी काही परीक्षेची उत्तरपत्रिका आहे. तीन दिवसांपूर्वी सातच्या बाजूला जरासं पांढरं दिसलं, नखाएवढं. रिंगचा तुकडा थोडा जास्त लांब घेतलाय.

पुठ्ठ्याचा ३८चा फर्मा अजून कात्रीच्या डब्यात आहे. खडूनं त्याच्यावर फुली मारलीय. उद्या सकाळी बदलायचा दिवस.